हाताआडचा उजेड

पनवेलहून उरणकडे जाताना लागणाऱ्या जासईत एका घराच्या ओटीवर दोन तसबिरी शेजारी शेजारी टांगलेल्या आहेत. पहिलीखाली नाव नाही, आणि त्याची गरजही नाही. जासई हे दि. बा. पाटलांचं जन्मगाव. १९८४च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, जमिनीच्या मोबदल्यासाठी इथली माणसं त्यांच्या नेतृत्वाखाली रस्त्यावर उतरली, गोळीबारात पाच जण गेले. तेव्हापासून या पट्ट्यात दिबांचा चेहरा कुणाला सांगावा लागत नाही. दुसरी तसबीर जुन्या कॅलेंडरवरच्या चित्राची. हातात दिवा घेतलेली एक स्त्री उभी आहे आणि दुसऱ्या हाताने तिने ज्योतीला आडोसा केला आहे. चौकटीत बसावं म्हणून फ्रेमवाल्याने चित्राची खालची पट्टी कापली. छापखान्याचं नाव, चित्रकाराचं नाव, जे काही असेल ते त्या पट्टीबरोबर गेलं. घरातले दादूस मात्र निःशंक आहेत. "यो रविवर्म्याचा हाय. दुसऱ्या कुनाचा असनार?"

हे उत्तर जासईपुरतं नाही. शहरातल्या दिवाणखान्यांत, दिवाळी अंकांच्या गप्पांत, चित्रकलेचे दोन-चार ग्रंथ घरी असलेल्या माणसांच्या तोंडूनही हेच येतं. उत्तर चूक आहे, पण ही चूक आळशीपणाची नव्हे. ती चित्राकडे पाहूनच केलेली आहे, आणि म्हणून तिचा पाठपुरावा करण्यात मजा आहे. घटकाभर समजू की खरं नाव आपल्यालाही ठाऊक नाही. सही नाही, तारीख नाही, कागदपत्र नाही. भिंतीवर फक्त चित्र आहे. त्यातून चित्रकारापर्यंत किती पोचता येतं?

चित्रात आधी दिसतो तो प्रकाश. बाई मागाहून दिसते. प्रकाशाचा उगम एकच, आणि तोही हाताच्या आडोशाला. आपण ज्योत पाहत नाही, ज्योतीमुळे जे जे घडतं ते पाहतो. सगळ्यात जास्त घडतं ते बोटांवर. ज्योतीसमोर धरलेल्या बोटांच्या कडा तांबूस, जवळजवळ शेंदरी झाल्या आहेत. हा कवीचा खेळ नाही. रक्त निळा-हिरवा प्रकाश शोषतं आणि तांबडा आरपार जाऊ देतं, म्हणून दिव्यापुढे हात धरला की बोटं आतून पेटल्यासारखी दिसतात. लहानपणी प्रत्येकाने हे केलेलं असतं. करणं सोपं आहे, रंगवणं नाही. कडा जरा जास्त तांबडी झाली की बोटं भाजल्यासारखी वाटतात, जरा कमी पडली की ती लाकडाची होतात आणि प्रकाश त्यांच्यावरून नुसता घसरून जातो. इथे बोटाची जाडी रंगाने मोजली आहे. कडेला मांस पातळ, तिथे उजेड आरपार. मध्ये हाड, तिथे रंग दबलेला. शरीररचनेचा अभ्यास झालेला माणूस आहे, एवढी पहिली नोंद करून ठेवू.

मग चेहरा. उजेड खालून वर येतो आहे, आणि इथे खरा धोका होता. खालून उजळलेला चेहरा भेसूर दिसतो. हनुवटीखाली टॉर्च धरून पोरं एकमेकांना घाबरवतात ते याच जोरावर. या बाईचा चेहरा तसा होत नाही, कारण चित्रकाराने दोन गोष्टी सांभाळल्या आहेत. दिवा हनुवटीच्या थेट खाली नाही, अंगापासून थोडा पुढे धरलेला आहे. त्यामुळे नाकाची सावली कपाळावर चढत नाही. आणि आडोशाच्या हाताने उजेडाची धार मोडली आहे. म्हणजे तो हात वाऱ्यापासून ज्योतीला वाचवतो तसाच उजेडापासून चेहऱ्यालाही वाचवतो. चित्रातली कृती आणि चित्राची रचना एकाच हाताने साधली आहे. मला या चित्रात सर्वांत हुशारीचं वाटतं ते हेच, आणि नवल म्हणजे पाहणाऱ्याला त्यात हुशारी जाणवत नाही. वाऱ्याची झुळूक आली असावी एवढंच वाटतं.

त्यापलीकडे भिंतीवरची सावली. ती बाईपेक्षा मोठी आहे, कडा मऊ आहेत. सावलीमुळे कळतं की भिंत जवळ आहे, हे घर आहे, महाल नाही. खांब नाही, गालिचा नाही, पडदा नाही. साडीच्या चुण्या दिव्यापासून जसजशा लांब जातात तसतसा त्यांचा रंग सुटत जातो आणि शेवटी नुसता गडदपणा उरतो. जासईच्या छपाईत साडी जांभळी दिसते. दुसऱ्या एखाद्या छपाईत ती गुलाबीकडे झुकलेली भेटेल. छापखान्यांनी या साडीवर बरेच प्रयोग केले आहेत.

आता दादूसांचा कौल. रविवर्माच का? कारण साडी नेसलेली, भरल्या अंगाची, सुंदर, खरीखुरी वाटणारी भारतीय स्त्री म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे एकच नाव येतं. त्या नावाने ही जागा कमावली आहे. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि त्याच्या शिळाछापांनी लक्ष्मी-सरस्वतीला कोकणापासून घाटापर्यंत प्रत्येक देव्हाऱ्यात नेऊन बसवलं. छापखान्याची मालकी नंतर जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांच्याकडे गेली. रविवर्मा १९०६ साली वारले. छापखाना पुढेही चालत राहिला. तिथून इतरांची चित्रंही निघत, महादेव विश्वनाथ धुरंधरांचीसुद्धा. पण खरेदी करणाऱ्याच्या लेखी सगळे 'रविवर्मे'च. माणसाचं नाव एका प्रकारच्या चित्राचं नाव होऊन बसलं. दादूस 'रविवर्म्याचा' म्हणतात तेव्हा ते अर्धं चित्रकाराविषयी आणि अर्धं चित्राच्या जातीविषयी बोलत असतात.

पण रविवर्म्यांची स्त्री नीट पाहिली तर ती क्वचितच एकटी असते. चौकटीत ती एकटी दिसली तरी चौकटीबाहेर कुणी तरी असतं. शकुंतला काट्याचं निमित्त करून मागे वळते, कारण मागे दुष्यंत आहे. दमयंती हंसाचं ऐकते, आणि हंस नळाविषयी सांगतो आहे. 'देअर कम्स पापा'मधली आई मूल कडेवर घेऊन उभी असते, आणि नावच सांगतं की कुणी तरी येतं आहे. प्रत्येक चित्र म्हणजे नाटकातला थांबवलेला क्षण. पडदा उचलला की पुढचा संवाद सुरू होईल. आपल्या दिव्याच्या बाईला असं कुणी नाही. तिची नजर आपल्याला दुसऱ्या कुणापाशी नेत नाही. दिवा विझू नये एवढंच तिचं त्या घटकेचं काम, आणि चित्रही तेवढंच. मागचं आख्यान नाही, पुढचा अंक नाही.

दुसरी खूण कपड्यालत्त्यांची. रविवर्म्यांना जर, मोती, रेशमाची घडी, मखमल यांचा सोस होता, आणि तो त्यांनी थोर कौशल्याने पुरवला. जर आहे तर जर चमकलीच पाहिजे. दिवा हातात असताना तर त्यांनी ही संधी सोडली नसती. इथे चित्रकाराने ती सोडली आहे. काठ आहे, पण तो प्रकाशाच्या हिशेबात जेवढा दिसायला हवा तेवढाच दिसतो. वस्तूवर प्रेम करणारा चित्रकार आणि उजेडावर प्रेम करणारा चित्रकार यांच्यातला हा फरक आहे. मला स्वतःला रविवर्म्यांचा सोस आवडतो. पण तो सोस इथे नाही, हे मान्य करावं लागतं.

इथपर्यंत आपण नाव पुसलं, लिहिलं नाही. शैलीवरून चित्रकार ओळखण्याच्या कलेचं हे जुनं दुखणं आहे: 'याचा नाही' हे जितक्या खात्रीने सांगता येतं तितक्या खात्रीने 'त्याचा आहे' हे सांगता येत नाही. एकोणिसाव्या शतकात इटलीत जोव्हान्नी मोरेल्ली नावाचा, वैद्यकी शिकलेला गृहस्थ होता. त्याचं म्हणणं असं की चेहरा आणि मांडणी पाहू नका, त्यांची नक्कल सगळेच करतात. कान पाहा, नखं पाहा, बोटांची ठेवण पाहा. तिथे चित्रकाराचं लक्ष नसतं, तिथे त्याचा हात सवयीने चालतो. या रीतीने त्याने ड्रेस्डेनच्या संग्रहातली, तोवर नुसती नक्कल समजली जाणारी निद्रिस्त व्हीनस जॉर्जोनेची म्हणून ओळखून काढली. मोरेल्लीची रीत इथे लावू पाहिली तर पंचाईत होते. या चित्रात बोटांवरच सगळं लक्ष आहे, बेसावध कोपरा म्हणून त्यांचा उपयोग नाही. मग बेसावध कोपरा कुठला?

माझ्या मते माध्यम. चित्रकार विषय निवडतो, नाव देतो, प्रसंगी दुसऱ्याची ढबही उचलतो. पण ज्या माध्यमात त्याचा हात मुरला आहे त्याची विचार करण्याची पद्धत त्याला लपवता येत नाही. आणि मूळ चित्र तैलरंगातलं नाही, जलरंगातलं आहे. तिथे सगळा हिशेब उलटा होतो.

तैलरंगात उजेड शेवटी येतो. आधी गडद, मग मधला, आणि सर्वांत शेवटी पांढऱ्या-पिवळ्या रंगाचा जाड ठिपका ज्योतीवर. चुकलं तर खरवडा, पुन्हा लावा. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग म्हणजे कागद. सर्वांत उजळ जागा ही रंगवलेली नसते, रंगवायची राहू दिलेली असते. म्हणजे पहिला कुंचला भिजवण्याआधीच चित्रकाराला ठरवावं लागतं की गालावरचा हा एवढा तुकडा, बोटाची ही एवढी कड, ही शेवटपर्यंत वाचवायची. एकदा तिथे गडद पाणी गेलं की कागदाचा तो मूळचा झळाळ पुन्हा मिळत नाही. थोडं पुसता येतं, पण पुसल्याची खूण राहते. आणि हे चित्र तर रात्रीचं आहे. जलरंगवाले साधारणपणे दिवसाची चित्रं करतात, घाट, नद्या, सकाळची देवळं. कारण गडद पार्श्वभूमीसाठी पाण्यावर पाणी चढवत जावं लागतं, आणि तिसऱ्या-चौथ्या थराला रंग मेला, चिखल झाला, हे नेहमीचंच. इथे चित्राचा बहुतेक भाग काळोख आहे आणि तो काळोख मेलेला नाही. त्यात ऊब आहे.

बोटांचं कोडंही इथे सुटतं. पारदर्शक जलरंगात उजेड रंगाच्या थरातून आत जातो, कागदावर आपटतो आणि त्याच थरातून परत आपल्या डोळ्याकडे येतो. म्हणजे त्या शेंदरी कडेवर जे घडतं ते दिव्यापुढच्या बोटात घडतं त्याच्या फार जवळचं आहे. पातळ तांबड्या पडद्यातून येणारा उजेड चित्रकाराने दाखवलाच, पण त्याच तत्त्वावर तो तयारही केला. तैलरंगात हे अशक्य नाही. लुव्हरमधल्या जॉर्ज दे ला तूरच्या चित्रात बाल येशू सुतार जोसेफसमोर मेणबत्ती धरतो आणि त्याची बोटं अशीच पेटतात. ते तैलरंगच आहे. पण ला तूर मेणबत्तीच्या उजेडातला मुरलेला चित्रकार होता. आपला चित्रकार कागदावर पाण्याने हे करतो आहे, आणि हाच त्याच्याकडे नेणारा सर्वांत सरळ रस्ता आहे.

आता संशयितांची यादी लहान होते. मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या वळणाचं काम आहे यात शंका नाही: हाडांचा अभ्यास, समोर माणूस उभा करून काढण्याची सवय, ब्रिटिश धर्तीची जलरंगाची शिस्त. धुरंधर? जलरंगात त्यांचा हात चपळ होता, पण त्यांना माणसांचा मेळा लागतो, लग्न, बाजार, मिरवणूक. त्यांच्या हातात ही बाई चौघींमधली एक झाली असती. ल. ना. तासकर? देवळाच्या पायऱ्या आणि घाटावरची गर्दी हा त्यांचा प्रांत, उन्हाचा. म. के. परांदेकर? जलरंगात पक्के, पण निसर्गाचे. म. रा. आचरेकर? इथे मी थोडा अडखळतो. मानवी आकृतीवर त्यांची हुकमत मोठी, जलरंगातली व्यक्तिचित्रंही नामांकित. पण आचरेकरांचा फटकारा दिसतो, तो दिसावा अशी त्यांची इच्छा असते. या चित्रात फटकारा कुठेच नाही. सगळे सांधे पाण्यात विरवलेले आहेत.

उरतो तो जलरंगातली व्यक्तिचित्रं ज्यांनी आयुष्यभर जोपासली असा एक माणूस: सावळाराम लक्ष्मण हळदणकर. जन्म १८८२, सावंतवाडीचा. जे. जे.मध्ये शिक्षण, तेही सेसिल बर्न्स प्राचार्य असताना आणि धुरंधर शिकवत असतानाच्या काळात. १९०८ साली मुंबईत त्यांनी स्वतःची चित्रशाळा काढली, हळदणकर्स फाइन आर्ट इन्स्टिट्यूट. १९१८ साली आर्ट सोसायटी ऑफ इंडिया उभी राहिली तेव्हा तिच्या संस्थापकांत ते होते. तैलरंगही त्यांनी हाताळले, पण नाव झालं ते जलरंगाने. म्हाताऱ्या माणसाचा सुरकुतलेला चेहरा ते कागदावर असा काढत की सुरकुतीच्या काठावरचा उजेड कागदाचा आणि तळचा अंधार पाण्याचा. 'मोहमेडन पिलग्रिम' हे त्यांचं गाजलेलं व्यक्तिचित्र पाहिलं की दिव्याच्या बाईच्या हाताचं कुळ सापडतं.

इथे तर्क संपतो आणि पुरावा सुरू होतो. चित्राचं नाव 'ग्लो ऑफ होप', साल १९४५-४६. म्हणजे रविवर्म्यांना जाऊन चाळीस वर्षं होत आली होती. त्यांच्या बाजूचा दावा एवढ्या एका तारखेनेच निकालात निघतो. चित्रासमोर उभी राहिली ती हळदणकरांची कन्या गीता. दिवाळीत दिवा हातात घेतलेली मुलगी वडिलांच्या नजरेस पडली आणि त्यांनी तिला तशीच उभी केली, असं घरच्यांकडून सांगितलं गेलं. चेहऱ्यावरचा तो शांतपणा म्हणूनच ओळखीचा वाटतो. ही कुणी नायिका नाही, पगारी मॉडेलही नाही. वडील चित्र काढताहेत म्हणून हात न हलवता उभी राहिलेली मुलगी आहे. रविवर्म्यांच्या स्त्रिया आपल्यासाठी उभ्या असतात. ही बापासाठी उभी आहे, आणि आपण मागून येऊन पाहतो आहोत. नाव कळल्यावर सुचलेलं हे वाचन आहे हे खरं. पण नजरेत कुणी बाहेरचा नाही, हे आपण नाव कळण्याआधीच टिपलं होतं.

गीताताई पुढे कोल्हापूरला उपळेकर म्हणून राहिल्या आणि २०१८ साली, वयाची शंभरी ओलांडून, तिथेच वारल्या. म्हणजे त्या ह्याच महाराष्ट्रात हिंडत-फिरत असताना कित्येक घरांत त्यांचंच चित्र टांगलेलं होतं आणि त्याखाली मनातल्या मनात, त्यांच्या जन्माआधीच वारलेल्या एका चित्रकाराचं नाव लिहिलेलं होतं. ला तूरचं वेगळं झालं होतं. तो खरोखरच विसरला गेला होता. त्याची चित्रं भलत्यांच्या नावावर खपत होती आणि १९१५ साली हेर्मान फोस या जर्मन अभ्यासकाने ती जोडून त्याला परत आणलं. तिथे अडीचशे वर्षांची धूळ होती. हळदणकरांच्या बाबतीत धूळ बसायला सवडच मिळाली नव्हती. चित्रकार १९६८पर्यंत होते, मुलगी त्यानंतर पन्नास वर्षं. पुरावा चालत-बोलत होता आणि तरी नाव बदललं.

याचं एक कारण खुद्द मूळ चित्राच्या घरात आहे. चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात, श्री जयचामराजेंद्र कलादालनात आहे, आणि त्याच दालनांत रविवर्म्यांची मोठमोठी तैलचित्रं आहेत. वेगवेगळ्या प्रांतांतल्या वादक स्त्रियांचं 'गॅलक्सी ऑफ म्युझिशियन्स' तिथलंच. तासभर रविवर्मे पाहून आलेला माणूस शेवटी दिव्याच्या बाईपुढे येतो, त्याला काळोखात ते चित्र दाखवलं जातं, चेहरा खरोखर उजळल्यासारखा वाटतो, आणि बाहेर पडताना त्याच्या डोक्यात दोन गोष्टी एकत्र झालेल्या असतात. दुसरं कारण कॅलेंडर. छपाईत जलरंग आणि तैलरंग यांचा भेद पार पुसून जातो. सगळंच शाईच्या ठिपक्यांचं होतं; कागद वाचवून मिळवलेला उजेड आणि वरून चढवलेला उजेड दोन्ही सारखेच दिसतात. जी खूण हळदणकरांकडे नेते तीच जासईच्या भिंतीवर नाही. त्या भिंतीवरून उरतो तो विषय: साडी, स्त्री, दिवा. आणि विषयावरून विचाराल तर दादूसांचं उत्तर फारसं वेडंवाकडं नाही. जे ते पाहू शकत होते, त्यावरून त्यांनी नाव सांगितलं.

म्हैसूरला जाणं झालं तर चित्र आधी लांबून पाहू नये, तिथे सगळेच उभे असतात. आधी वादक स्त्रियांपुढे थांबून साड्यांचे काठ पाहावेत, रंगाचा थर कुठे चढला आहे ते शोधावं. मग दिव्याच्या बाईकडे यावं, जमेल तितकं जवळ जावं, आणि चेहरा सोडून आडोशाच्या हाताची कड पाहावी. रंग जिथे सर्वांत उजळ आहे तिथे तो सर्वांत पातळ आहे, आणि खालून कागद दिसतो.